पेन्सिलीनं लिहा

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
रॉटनस्टॉलच्या लायब्ररीत, रेडिएटरला खेटून,
ग्लेनिसबाई पूर्वज शोधायला शिकवतात.
चहा पन्नास पेन्स, बिस्किटं फुकट.
पहिला नियम : स्वतःपासून निघा, मागं मागं जा.
दुसरा : पेन्सिलीनं लिहा.
मेलेली माणसंसुद्धा बदलतात.

केनेथला आज पणजी सापडली.
गिरणीत विणकरीण, वय तेरा,
मालकाच्या वहीत मात्र पंधरा.
"लबाड कार्टी," म्हणाला
आणि बराच वेळ चष्मा पुसत बसला.

माझ्याकडे कुलवृत्तांताची झेरॉक्स.
नऊ पिढ्यांचे बाप्ये एकाखाली एक,
विहिरीच्या पायऱ्यांसारखे.
आजीच्या जागी नुसतं : भार्या सरस्वती.

"बायकांना माहेरच्या आडनावानं शोधायचं," बाई म्हणाल्या.
आडनाव मिळेल हो. पण आमच्यात
तांदळाच्या ताटात अंगठीनं
नवरा बायकोचं नावच नवं लिहितो,
हे सांगताना माझं इंग्रजी अडखळलं.
"मग आधीचं नाव कुठं जातं?"
त्यांनी विचारलं,
पेन्सिल उचलून, नोंद करायच्या तयारीत.

रात्री पेणला फोन लावला.
आजीचा धाकटा भाऊ, विश्राममामा, ब्याण्णव वर्षांचे.
"अक्काचं होय?" मग खोकला, मग नुसती खरखर.
"भिकी.
आधीची चार जगली नाहीत ना,
म्हणून भिकी ठेवलं."

आजीच्या चौकटीत लिहिलं : भिकी.
शेजारी चार चौकटी आखल्या, रिकाम्या.
शेवटची कागदाबाहेर जायला लागली.

पुढच्या खेपेला
ग्लेनिसबाईंकडे मोठा कागद मागायचा.