आतून बंद

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
चोरीसांच्या माळा संपून सुकं खारं सुरू होतं
त्या बोळात तो बसला होता. स्टोव्ह, तवा,
आणि फडक्यावर पाच सांडे.
जिवंत. पळत नव्हते.
लोकांना वाटे, गुंगी दिली असेल.
आग्नेलनं एकाला उचललं, तेव्हा
मागचा अर्धा देह ओल्या सुंभासारखा लोंबला.
कंबर मोडून ठेवतात, तो म्हणाला,
पिंजऱ्याचा खर्च वाचतो.

पंचनाम्यात मृत चार, जिवंत एक.
जिवंताला ठेवायचं कुठे? तर माझ्याकडे,
कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात,
जिथे सोळा वर्षं मी बरण्यांतलं फॉर्मेलिन बदलतोय
आणि माझ्या हाताखाली
अजून कुणी श्वास घेतलेला नाही.

पुस्तकातला सांडा असा:
थारच्या कडक जमिनीत तिरकं, खोल बीळ.
एका बिळात एकच.
पाला खातो, फुलं खातो, मिळाले तर टोळ.
पाण्याचं म्हणाल, तर पानातलं पुरतं.
सकाळी काळपट, उन्हं चढली की वाळूइतका फिका.
काटेरी शेपटीत दुष्काळाची बेगमी,
(तीच इथे तव्यावर वितळते, गुडघ्यांसाठी
आणि ज्याबद्दल गिऱ्हाईक हळू आवाजात विचारतं त्यासाठी).
संध्याकाळी आत शिरतो
आणि माती ओढून दार लावून घेतो.
हे शेवटचं मी दोनदा वाचलं.

आग्नेलनं मोरजीहून गोणीभर वाळू आणली.
ओली. मुठीत धरली की लाडू.
आमच्याकडे कोरडं असतं काय?
भिंतीला ओल, रजिस्टरला बुरशी,
काडेपेटीतली तिसरी काडी पेटते.
शेवटी शाणू चणेकाराची कढई मागून आणली
आणि मागच्या व्हरांड्यात दुपारभर
वाळू भाजत बसलो.
पोरं विचारून जायची, चणे कधी घालणार?

तांबडी भाजी त्यानं पाहिलीही नाही.
शेवंतीची एक पाकळी खाल्ली,
दुसरी तोंडात धरून विसरला.
नाकपुड्यांवर पांढरं काही साचलं होतं,
मी नखानं खरवडलं, जिभेला लावलं: मीठ.
जास्तीचं मीठ हा नाकावाटे टाकतो.
माझा बाप आगरवाड्याच्या मिठागरात राबला,
चैत्रात घरी यायचा तेव्हा
त्याच्या भुवयांवरही असंच असायचं.
बापाचं मी कधी चाखलं नाही.

बल्बखाली तो फिका होत गेला.
तेवढं एक पुस्तकातल्यासारखं झालं.
मग पुढच्या दोन पायांनी उकरू लागला,
मागचं सगळं ओढत.
भाजलेली वाळू कोसळायची, तो पुन्हा.
सात वाजता वॉचमननं मला घालवलं.

शनिवारी सकाळी पेटीत वाळू सपाट.
कोपऱ्यात हातभर जागा
किंचित उंच, दाबून बसवलेली.
आग्नेल वाकला, कान लावला,
"जिवो आसा मरे?"
मला काय ठाऊक.

जोधपूरची गाडी मंगळवारी.
फॉर्मवर रकाना आहे, सद्यस्थिती.
उकरून बघता येईल, उलथणं इथेच आहे.
आग्नेल माझ्याकडे बघतो, मी वाळूकडे.
बल्ब तेवढा
जरा खाली ओढून ठेवला आहे.