आधी थांबणं

कवडूकाकानं पहिले चार दिवस
बैल पळवूच दिले नाहीत.
"थांबव," म्हणाला. "आता अजून थांबव."
धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत
तणसाच्या ढिगापासून बाभळीपर्यंत
पायीपायी जायचं, रेंगीवर मी, मुठीत कासरा,
आणि धुऱ्यावर बसलेली पोरं ओरडायची,
"बाई पटाले चालल्या का दळणाले?"

अंगणवाडीत बत्तीस लेकरं
मी एका हाकेत खाली बसवते.
बिजल्याला हाक कळत नाही.
त्याला कळते मनगटातली भीती.
ती कासऱ्यातून उतरत उतरत त्याच्या नाकाशी पोचते,
आणि तो कान मागे करतो.
जोडीचा कवठ्या बिचारा समजूतदार,
नव्या सुनेला सासूपासून वाचवणाऱ्या
नणंदेसारखा मधे मधे रेटून घेतो.

पाचव्या दिवशी काका म्हणाला, "सोड."
काय झालं ते सांगता येणार नाही.
बाभूळ दूर होती, मग मागे होती.
तोंडात माती, एक चप्पल कुठे तरी,
आणि मी हसत होते की रडत,
धुऱ्यावरच्या पोरांनाही ठरवता आलं नाही.
त्या रात्री भाकरी थापताना हात थरथरला.
सासऱ्यांनी वाकडी भाकरी मुकाट खाल्ली.

आज सांजेपर्यंत कामं.
जनावरांच्या डॉक्टरनं खुरं बघितली, कागदावर सही दिली.
चाकाच्या आऱ्या एकेक ठोकून ऐकल्या,
तिसरी बद्द वाजली, ती बदलली.
जोत्याचा दोर नवा, पण दोन दिवस पाण्यात भिजवून मऊ केलेला.
पराणी नाही, काठी नाही, नियमच आहे तसा;
काका म्हणतो, ज्याले हात नाही त्याले काठी लागते.
भावानं त्याच्या मोटारसायकलचं हेल्मेट आणलं,
लाल, मागे वाघाचं चित्र.
मला वाटलं काका हसेल.

त्यानं सदऱ्याचं बटन काढलं.
खांद्यापाशी हाड वर आलेलं, गाठीसारखं.
"हे पळताना नाही मोडलं," म्हणाला.
"पहिला आलो. झेंडी ओलांडली
आन् लोकाइले दाखवाले दोन्ही हात वर केले."
मग बटन लावलं
आणि कवठ्याच्या मानेवरची गोचीड शोधत बसला.

दिवेलागणीला मी एकटी पटावर गेले, अनवाणी.
उद्या इथे गावोगावचे लोक, भज्यांचे गाडे,
भोंग्यातून माझं नाव, बहुधा चुकीचं.
आज फक्त थंडी आणि लाखोळीचा वास.
खडे वेचले, बाटलीची दोन झाकणं,
मंडपवाल्याची विसरलेली खुंटी.
मधे एक जागा भुसभुशीत आहे, डावीकडे,
बिजल्याच्या बाजूला. टाचेनं दाबून पाहिली.
लक्षात ठेवली.

सगळे झेंडीपर्यंत मोजतात,
सात सेकंद, आठ सेकंद.
मी झेंडीपासून पुढे मोजत गेले,
एक, दोन, कासरा आवळल्यासारखी मूठ धरून,
अंधार पडेपर्यंत.
एकशे बारा पावलं.
मग बोडीची पाळ,
आणि पाळीपलीकडे पाणी, न हलणारं.