एकच वेल, सात एकर

भाद्रपदात मी निफाडला कलमं भरतो.
उकिडवं बसायचं, खुंटाला चीर द्यायची,
तासलेली काडी बसवायची, वर पट्टी घट्ट.
बोटांना आता बघावं लागत नाही.

सुदामशेठच्या सात एकरांत
म्हणायला साडेसहा हजार वेली.
मी म्हणतो, एकच आहे,
साडेसहा हजार ठिकाणी उभी.
काडीतून काडी, त्या काडीतून काडी,
बी नाही, लग्न नाही, लेकरू नाही.

गेल्या साली दिवाळीआधी दोन रात्री पाऊस लागला.
केवड्यानं पहिल्या ओळीतल्या एका पानाची कडी काढली
आणि सगळी बाग उघडली.
सगळ्या दारांना कुलूप एकच होतं.
शेठ पहाटेपर्यंत फवारणीचा ट्रॅक्टर फिरवत राहिले,
तोंडाला उपरणं, डोळे लाल.

त्याच साली, त्याआधी, सुरगाण्याहून मंजुळाचा फोन आला होता.
नागलीवर करपा.
आवाजात घाई नव्हती.
हळवी बसली, म्हणाली. निमगरवी निम्मी.
गरवीला तर कळलंच नाही,
ती अजून पोटरीतच होती.
आणि वरच्या बांधाकडची ती मुठीसारख्या कणसांची,
जिचं नाव कुणाला आठवत नाही,
ती हसतेय नुसती.

आमच्यात एका कुळीत सोयरीक होत नाही.
बियाण्यालाही तोच नेम.
तीन सालांनी पायलीभर नागली नारपल्याड जाते,
तिकडची पायली इकडे येते,
तिच्यात असतात चार दाणे अनोळखी.
ते निवडून टाकायचे नसतात.
का, ते मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

शेठच्या बागेत जमिनीत पाय रोवून उभा आहे तो खुंट,
कुठल्याशा परक्या रानातला.
त्याची स्वतःची फळं कुणी तोंडात धरणार नाही.
पण विहिरीचं मचूळ पाणी तोच पचवतो,
वरची गोडी त्याच्या खांद्यावर.

काल चहा पिताना शेठनं विचारलं,
"तुमच्या डोंगरात रानद्राक्ष असतं म्हणे?"
असतं, म्हटलं. करवंदीच्या जाळीवर चढतं.
आंबट. घशाला खाज येते. पाखरं खातात.
"केवडा पडतो का त्याच्यावर?"

कधी पाहिलं नव्हतं असं.
म्हणजे, बघायला कोण जातं?

शेठनं कप धुतला, स्वतःच.
मग शेवटच्या ओळीकडे गेले
आणि मेलेल्या वेलीचा एक खड्डा
पायानं माती लोटत बुजवता बुजवता
थांबले.