दर्जा : सभासद

सकाळी सातला बाळगोंडा सरांचा फोन.
"दंड सगळा गेलाय ओ. तीनशे अकरा जणांचा.
शून्य, शून्य, तळापर्यंत शून्य.
चोरी म्हणायची काय ह्याला?"

अक्कोळ रोडला, तंबाखूच्या वखारीला लागून वाचनालय.
पुस्तक उघडलं की जर्द्याचा वास येतो,
निपाणीचा वाचक तिसऱ्या पानाला शिंकतो.
साइट मी केली, दोन वर्षांपूर्वी, साडेचार हजारांत,
पंधराशे अजून यायचेत.
देवघेवीचं प्लगइन फुकटचं. पाच चांदण्या होत्या त्याला.
मी चांदण्या मोजल्या. आत नाही पाहिलं.

आता बघते.
आठशे सदतीस ओळी.
दंड बदलायच्या कामाच्या तोंडाशी एकच प्रश्न :
तू लॉगिन केलंयस का?
हो म्हटलं की झालं.
हे काम तुझं आहे का, हे विचारणारी ओळ
नाही.
लिहिणाऱ्याला जेवायला हाक आली असेल तेव्हा,
नाहीतर त्याच्या गावात उजाडलं असेल.
बटण मात्र त्यानं लपवलं होतं सभासदांपासून.
बटण दिसत नाही म्हणजे दार नाही,
असं वाटलं त्याला.

मलाही वाटलं असतं. मला, म्हणजे जिला
वातावरण तापलं की कोगनोळीच्या नाक्यावर विचारतात
कुठनं, कुठं, कशाला, कागद दाखवा;
जिच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं
एकदा टेप लावून मोजून गेले;
जिची आई पेन्शनच्या खिडकीत
दोन लिप्यांत नाव लिहून देते
आणि दोन्हीकडे चुकलंय म्हणून परत येते.
आणि मीच बसवलेल्या दाराला
काही विचारायचं सुचलं नाही.

लॉग उघडला. रात्री अकरा चाळीस.
सभासद क्रमांक २१४, शिवलीला कमते.
तीनशे अकरा विनंत्या, एकेक, हातानं,
मधे नऊ मिनिटं काहीच नाही.
मोबाइल आईचा असेल, फोन आला असेल.
मग पुन्हा शून्य.

बॅकअपमधली जुनी यादी वाचली :
बारा रुपये, चाळीस, सात, एकशे सहा.
पत्ते बहुतेक विडी कामगार वसाहतीतले.
एकशे सहावाला पोरगा दीड वर्ष फिरकलेला नाही.
शिवलीलाचे स्वतःचे अठरा. तेही शून्य.
ती काही संत नाही.

"पासवर्ड फोडला काय तिनं?"
"तिचाच पासवर्ड, सर. तिचंच नाव."
"मग चूक कुणाची?"
नाक्यावर असल्या वेळी मी कागद पुढे करते.
इथे कागदच मी लिहायचा होता.

त्याच फटीतून बघितलं तर
सगळ्या पोरींचे फोन नंबर दिसत होते,
घर नंबर, गल्ली, बापाचं नाव.
शिवलीलानं तिकडे पाहिलंही नव्हतं.
दुसऱ्या कुणी पाहिलं असतं.

म्हणून लिहिली ओळ :
अधिकार नसेल तर इथूनच मागे.
सभासद होऊन तपासली. मागे फिरवलं मला,
तोच आवाज, खाकीतला,
माझ्याच बोटांनी टाइप केलेला.
प्लगइनवाल्यालाही कळवलं, चार ओळीत.
कुठला आहे कोण जाणे, 'धन्यवाद' तेवढं आलं.

"बॅकअप आहे, सर. जुने दंड परत घालू?"
पलीकडे पंख्याचा आवाज, आणि कुणाची तरी शिंक.
"ती ओळ घातली काय ओ?"
"घातली."
"मग बास. दंड राहू दे तसाच. ठराव मी लिहितो मागची तारीख घालून.
आणि त्या पोरीला काय बोलू नका, मी बोलतो.
काय बोलायचं ते बघतो."

शनिवारी एकशे सहावाला आला म्हणे.
पुस्तकाला नवं खाकी कव्हर,
आत मुडपलेलं पान इस्त्री केल्यासारखं सरळ.