थंड इंजिन

फोनवर एकच अट घातली होती:
मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.

केम्पेलेचा पोरगा ‘हो हो’ म्हणाला होता.
गेले, हातमोजा काढला, इंजिनवर तळवा टेकवला.
ऊबदार.
नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं.
पोरगा आभाळाकडे बघत राहिला.
रंग छान आहे, म्हटलं, आणि निघाले.

सव्वीस वर्षं झाली.
माझी शेवटची अडीचशे सीसीची, लाल,
बाबागाडी घ्यायला विकली.
बाबागाडीचे ब्रेक जास्त चांगले होते, हे मान्य.
त्यातल्या बाळाच्या डोक्यावर आता घराचं कर्ज आहे,
आणि ती म्हणते, आई, तू चोपन्न वर्षांची आहेस.
म्हणूनच साडेसहाशे, मीरी. हजाराची नव्हे.

मधल्या मापाच्या गाडीचं चित्र
कुणी भिंतीवर लावत नाही.
पण माझा उजवा गुडघा भिंतीवरच्या चित्रांना विचारत नाही.
तो विचारतो, सिग्नलला मी जमिनीला पुरेन का.

एप्रिल संपत आलाय. खाडीवरचा बर्फ राखाडी झालाय,
आता त्यावर कुणी पाय ठेवत नाही.
हिवाळ्यात घसरू नये म्हणून टाकलेली खडी
अजून कुणी झाडलेली नाही,
आणि आता तीच घसरवते.

हाउकिपुदासचा सुलेवी, कागद गिरणीतून निवृत्त.
शेडचं दार उघडून बाजूला उभा राहिला,
आत कुणी झोपलंय अशा बेताने.
तळवा टेकवला:
रात्रभर अंगणात राहिलेल्या कुऱ्हाडीइतकं गार.

घोड्याचे बघावेत तसे मागच्या चक्राचे दात बघितले.
साखळी ओढून पाहिली. पुढच्या नळ्यांवरून बोट फिरवलं,
तेल नाही.
टायरच्या कडेला चार आकडे: २३१५.
पंधरा साली, तेविसाव्या आठवड्यात जन्म.
खाचा भरपूर, रबर म्हातारं.
‘बदलावे लागतील.’
‘लागतील,’ तो म्हणाला. एवढंच.

मग पेन्सिलीने भरलेली वही.
प्रत्येक तेल, प्रत्येक प्लग, तारखेसकट.
एकोणीस सालच्या पानावर तेल बदललेलं,
आणि किलोमीटर? अठरा सालचेच.
हिशोबाची सवय असलेला माणूस
न चाललेलं वर्षही लिहून ठेवतो.
मी काही विचारलं नाही.

बटण दाबलं. दोनदा खोकली,
तिसऱ्यांदा घोगऱ्या आवाजात बोलू लागली,
मग हळूहळू गळा साफ.

घोडामैदान जवळच होतं,
शेडपासून फाटकापर्यंत ऐंशी मीटर.
जाताना सगळं आठवलं: क्लच, मनगट, पाठीतली ती
एक जागा.
फाटकापाशी वळताना मात्र खाली बघितलं, खडीकडे.
नजर तिथे गाडी, हे मीच एकेकाळी
माझ्या धाकट्या भावाला ओरडून सांगायचे.
गाडी सावकाश आडवी झाली,
म्हैस डबक्यात बसते तशी, कसलीही घाई नसताना.

सुलेवी चालत आला. गाडीला हात लावला नाही.
‘पाठ करा तिच्याकडे. बसा. आता पायांनी.’
दोनशे किलो.
कुठूनतरी माझ्या मांड्या सापडल्या.
उभी राहिली.

हँडलच्या टोकाला ताजा ओरखडा, पांढरा.
माझे कान तापले. पाकिटातले पैसे
मनातल्या मनात मोजू लागले.
तो वाकून बघत राहिला बराच वेळ,
मग मला हाताने खुणावून दुसऱ्या बाजूला नेलं.
तिथेही, त्याच जागी, एक ओरखडा. जुना, काळवंडलेला.

‘एकोणीस,’ सुलेवी म्हणाला.

मी पुन्हा गाडीवर बसले.
या वेळी वळताना त्याच्या टोपीकडे बघितलं,
निळी, लोकरीची, शेडच्या दारात.
टोपी मोठी होत गेली.

टायरचे म्हणून त्याने दीडशे युरो कमी केले.
ओरखड्यांचं कुणीच काढलं नाही.

रात्री मीरीचा फोन.
इंजिन थंड होतं, मी सांगितलं.
आणि?
आणि टायर जुने आहेत.