छत्रीवाले

पूल रात्रीच उडाला होता.
पहाटे बाणस्तारीच्या पाण्यावर शेवटे आले,
पांढरी पोटं वर करून.
आम्ही पोरांनी टोपल्या भरल्या.
त्या दिवशी घरोघर हुमण होतं. राज्य कुणाचं ते ठाऊक नव्हतं,
तरी जेवलो सगळे, बोटं चाटून.

मग कुणी म्हणालं, छत्रीवाले येतायत.
माडांच्या वर बघून मान अवघडली.
आभाळात एक घार, तीही गावचीच.

आले ते फोंड्याच्या रस्त्यानं, पायी,
मांडीपर्यंत चिखल, डोक्यावर
आमसुली टोप्या.
इनास म्हणाला, हे तर आमच्यासारखेच चालतात.

तातोबा शिंगटे, हवालदार, खटावकडचा.
तुटल्या पुलाच्या तोंडाशी बसून बिडी पेटवली, म्हणाला,
बाकीचे उतरून लढतात, आम्ही उतरून कामाला लागतो.
धावपट्टी दुरुस्त करा, विहीर तपासा, पूल बांधा,
कधी पूल उडवा.
उडी शिकलो चकलाल्याला.
ते मैदान आता परमुलखात. तिथली माती अजून घोट्यात दुखते.
रंगूनच्या खाली एकदाच खरा उतरलो, पावसात,
छत्रीआधी फावडं जमिनीला लागलं.

मग सगळे पोटावर पालथे.
संगिनीचं टोक तिरकं, हळूच, वीत वीत,
मातीला विचारत: आहेस का? आहेस का?

बांधावरून पुतळी गावडे बघत होती,
कमरेला खुब्यांची टोपली.
जन्मभर ती खाजनातल्या चिखलाला
पायाच्या अंगठ्यानं हेच विचारत आलेली.
हसली. म्हणाली, तो खांब थंय नाका, थंय तळ ना.
आणि पाण्यात शिरली,
कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत,
थांबली. हांगा.

तिथंच त्यांनी लोखंडी मेख ठोकली,
पिंपांचा तराफा दोराला लागला,
दुपारपर्यंत गाड्या पलीकडे.
तातोबानं तिला सलाम केला. तिनं खुबे दिले, मूठभर.

आम्हाला मात्र छत्रीच हवी होती.
दाखवा, दाखवा म्हणून त्याच्या बाहीला लटकलो.
आणलीच नाही रे, म्हणाला, इथं रस्ता होता.
मग खिशातला रुमाल काढला, चार टोकांना सुतळी,
सुतळीला खडा,
आणि पुलाच्या तुटल्या कडेवरून सोडला.

फुलला.
वाऱ्यानं जरा पलीकडच्या काठाकडे नेला,
मग मन बदललं,
आणि ओहोटीनं घेतला.

पुढं नवा पूल झाला, गुरुवारचा बाजारही परत भरला.
मेख अजून आहे. पुतळीचा नातू तिला होडी बांधतो,
दोर घासून तिच्या मानेला खाच पडलीय.
कुणाची म्हणून विचारलं तर सांगतो,
आजीची.
मी दुरुस्त करत नाही.