सत्तर-तीस

द्वारकेजवळच्या दुकानात मुश्ताकभाई
टायर दाखवायच्या आधी एकच विचारतो:
गाडी जाणार कुठं?

मी सांगतो, फोर बाय फोर आहे.
ते दिसतंय, तो म्हणतो. जाणार कुठं?

अठ्ठावीस वर्षं मी सातपूरला लाइनवर चाकं बसवली.
बेचाळीस सेकंदांत एक चाक, पाच नट,
ओळीनं नाही, एक सोडून एक,
चांदणी काढल्यासारखे आवळायचे,
शेवटी पान्याचा टक्क आवाज.
कुठल्या गाडीला कुठला टायर, ते कागदावर छापून यायचं.
गेटबाहेर पडल्यावर गाडी डावीकडं वळते की उजवीकडं,
माझ्या जागेवरून दिसत नव्हतं.

आता ही, फंडाच्या पैशातली.
मी तिचा तिसरा मालक.
रंग कुणीतरी शाळेच्या फाटकाचा दिलेला.

भिंतीला टेकून तीन जातीचे टायर.
पहिला रस्त्याचा, भांग पाडून आलेला कारकून.
तिसरा चिखलाचा, त्याचे दात बघून
मुश्ताकभाईच म्हणाला, हा कॉलेज रोडला नेलात
तर लोक जेवता जेवता गॅलरीत येतील.
मधला दोन्हीकडचा.
ह्याला सत्तर-तीस म्हणा,
सत्तर डांबर, तीस माती.
लिटरमागं एक किलोमीटर खाईल,
ऐंशीच्या पुढं गुणगुणेल,
आणि ओल्या डांबरावर ब्रेक जरा आधीच दाबा.

मी मनात हिशोब मांडतो. खरा.
भाजी. सुमतीच्या गुडघ्याचा दवाखाना.
पाथर्डी फाट्याला मुलीकडं.
नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
शंभरातले सत्त्याण्णव डांबरच.

उरले तीन.
त्यातला एक वाघेरा घाटाच्या पुढं, हरसूलच्या अलीकडं,
मोरीचं काम म्हणून वळसा दिलेला,
तांबड्या मातीत मागचं चाक फिरतंय फिरतंय
आणि गाडी जागची हलेना.
शेळ्यांमागची दोन पोरं आली,
चाकाखाली पालापाचोळा कोंबला,
मग मोठा आत डोकावून म्हणाला,
काका, तो छोटा दांडा ओढा की.

असल्या किती गाड्यांना मी चाकं लावली, ते मी त्याला सांगितलं नाही.

काल संध्याकाळी जुन्या टायरांच्या खाचांतून
स्क्रू ड्रायव्हरनं खडे उकरत बसलो होतो.
काळी खडी. चिंचोका.
दिंडोरीकडच्या कुठल्या द्राक्षबागेतली तार, बोटाएवढी.
एक पांढरा, गुळगुळीत, इकडचा नव्हेच,
तो काही निघाला नाही.
आधीच्या दोघांपैकी कुणीतरी कुठंतरी गेलं होतं.

मधल्या टायरच्या अंगावर चार आकडे असतात,
आठवडा आणि साल.
बोटानं वाचले: बाविसावा. गेल्या वर्षीचा.
त्याच आठवड्यात मला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
कुठंतरी साच्यात हा तेव्हा भाजून निघत होता.

हाच द्या, म्हटलं.
मुश्ताकभाई हसला. तीस टक्के माती आणणार कुठून?
बघतो, म्हटलं.
सुमतीला आवाजाचं नंतर सांगेन.

पोऱ्या हवेच्या बंदुकीनं नट मारायला लागला,
धडधड धडधड, ओळीनं.
थांब रे.
हातपाना मागितला. गुडघे टेकले.
एक सोडून एक. टक्क.
बेचाळीस सेकंद कुणी मोजत नव्हतं,
मी चार चाकांना पाऊण तास घेतला,
मागं दोन रिक्षावाले पंक्चरसाठी खोळंबलेले,
त्यातला एक तर उतरून बघायलाच आला.

पाचव्याचे पैसे उरले नाहीत.
स्टेपनीला चारातलाच एक जुना चढवला,
मागच्या दारावर,
तो गेलेल्या रस्त्याकडं तोंड करून असतो.
खाचेत तो पांढरा खडा.